चौथी टाप

फार फार पूर्वी, रस्त्यांना चाकांपेक्षा घोड्यांच्या खुरांची ओळख जास्त होती त्या काळी, सात डोंगरांच्या मध्ये एक राज्य होतं. राज्य लहान, पण त्याची पागा मोठी. तीनशे घोडे त्या पागेत दाणा खात. दर सात वर्षांनी पागेचा नवा कारभारी निवडायचा आणि तो घाटफेरीतून निवडायचा, असा तिथला रिवाज होता.

आता घाटफेरी म्हटलं की तुम्हाला वाटेल, शर्यत असणार. तशी ती पूर्वी होतीच. पण राणीच्या पणजीच्या काळी एका वर्षी पहिला आलेला घोडा वेशीतच कोसळला आणि मेला. त्याचा स्वार मात्र दोन्ही हात वर करून लोकांचे जयजयकार घेत राहिला. पणजीबाईंनी ते पाहिलं, आणि त्याच दिवशी नियम बदलला.

तेव्हापासून नुसतं आधी पोहोचून भागत नसे. घोडा सुखरूप यायला हवा, आणि वाटेत त्यानं मार खाल्लेला नको. असे जे येतील, त्यांतला पहिला तो विजयी.

पण डोंगरात कोण कुणाला मारतं हे कळायचं कसं? त्यासाठी वाटेवरच्या तीन अवघड जागी तीन पारखी लपून बसत. प्रत्येकापुढे स्वारांच्या खुणांची गाडगी मांडलेली असत. स्वार नीट वागला तर त्याच्या गाडग्यात पांढरा खडा, घोड्यावर हात उगारला तर काळा. आणि काळा खडा पडलेल्या घोड्याची राजवैद्य कानापासून खुरापर्यंत तपासणी करी. एवढं लक्षात ठेवा. या शेवटच्या नियमानंच आपल्या गोष्टीतल्या माणसाची झोप उडवली.

त्या माणसाचं नाव सिदोजी नालबंद. राज्यातल्या निम्म्या घोड्यांच्या पायांत त्याचे नाल होते. हात इतका बसलेला, की लोक म्हणत, सिदोजी डोळे मिटून नाल ठोकेल. हे ऐकून ऐकून सिदोजीलाही ते खरं वाटायला लागलं होतं. घाटातल्या मधल्या जागेचा, म्हणजे कातळओढ्याचा पारखी म्हणून तो सलग दोन फेऱ्या बसला होता, आणि यंदा तिसऱ्यांदा बसणार होता.

फेरीच्या आदल्या दिवशी त्याच्या भट्टीपुढे घोड्यांची रांग लागली होती. दुपार कलली तेव्हा सरदारांचे धाकटे चिरंजीव सर्जेराव आले. त्यांची घोडी शेवंती. पांढुरकी, लांब मानेची, देखणी. शिंगरू होती तेव्हापासून सिदोजीच तिला नाल ठोकत आलेला. पाय कसा उचलायचा आणि नालबंदाच्या गुडघ्यावर कसा टेकवायचा, हेसुद्धा तिला त्यानंच शिकवलेलं.

"लवकर आटप रे," सर्जेराव म्हणाले. "पाहुणे आलेत वाड्यावर."

सिदोजीनं घाई केली. पुढच्या उजव्या पायाला चौथा खिळा ठोकताना हातोडीचा आवाज बदलला. खुराच्या नखासारख्या कठीण भागात खिळा जातो तेव्हा खणखण वाजतं. या वेळी 'बद्' असं वाजलं. शेवंतीच्या अंगावर शहारा आला.

नालबंदाच्या पोराटोरांनाही माहीत असतं, की 'बद्' वाजलं म्हणजे खिळा आतल्या जिवंत मांसापाशी गेला. तो लगेच उपसायचा, भोक भरायचं आणि नाल सरकवून पुन्हा ठोकायचा. पण रांगेत आठ माणसं उभी होती. सर्जेराव ताटकळले होते. आणि डोळे मिटून नाल ठोकणाऱ्याचा खिळा चुकला, हे आठ जणांसमोर कबूल कोण करणार? सिदोजीनं खिळ्याचं टोक वाकवलं, कानस फिरवली आणि पाय सोडून दिला.

"झालं," तो म्हणाला.

घोडी चार पावलं चालली. टप, टप, टप आणि मग जरा हलकं, टुक. सर्जेरावांना काही कळलं नाही. सिदोजीला कळलं.

फेरीच्या दिवशी सकाळी बायकोनं त्याच्यापुढे भाकरी ठेवली. तिचं नाव पारू. बाई मोठी चौकस होती.

"काय वो, भाकरीचा तुकडाबी मोडला न्हाई? जीव बरा न्हाई का?"

"बराय."

"मग त्या पेटीतला हातोडा सारखा सारखा काय बघताय? आज तर तुमाला भट्टी न्हाई. आज तुमी पारखी."

सिदोजीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पारू, माझ्या हातून घोडीला खिळा लागला, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण तो उठला आणि पागोटं बांधायला लागला. 'आत्ताच वाड्यावर जाऊन सांगावं,' असं त्याला वाटलं. मग वाटलं, 'फेरीच्या तोंडावर सरदारांच्या घरी जाऊन खिळा चुकला म्हणायचं? पागेचं काम जाईल. लोक हसतील.' मग वाटलं, 'कदाचित तेवढा खोल गेलाही नसेल.' माणसाला काही करायचं नसलं, की हे 'कदाचित' मोठ्या कामाला येतं.

तो गेला नाही. गाडग्यांची टोपली डोक्यावर घेऊन तो थेट कातळओढ्याची वाट चढू लागला.

कातळओढा म्हणजे घाटातली सगळ्यांत बिकट जागा. वाट एकदम खाली उतरते. खाली सपाट, गुळगुळीत काळा दगड आणि त्यावरून पाणी. घोड्याला त्या दगडावर पुढचे पाय झोकून उतरावं लागतं. समोरच्या करवंदीच्या जाळीत पारखी बसतो. त्याला सगळं दिसतं, तो कुणाला दिसत नाही.

सिदोजी जाळीत बसला. अकरा गाडगी मांडली. एका बाजूला पांढऱ्या खड्यांची ढिगली, एका बाजूला काळ्यांची. आणि तो वाट पाहू लागला.

एरवी त्याला ही वेळ फार आवडे. पाखरं बोलायची, ओढा वाजायचा, नि आपण न्याय करायला बसलोय या विचारानं त्याची छाती जरा फुगायची. आज पान वाजलं तरी तो दचके. मनात एकच धावा. शेवंती मागेच राहू दे. वाटेत सर्जेराव थांबू देत. कुणीतरी तिचा पाय पाहू दे, पण तो माझ्या दगडावर यायच्या आधी.

पण घोडामैदान जवळच होतं. वरच्या वळणावर टापा वाजल्या. टप, टप, टप, टुक.

सर्वांत पुढे शेवंतीच होती. दुखऱ्या पायानिशी ती सगळ्यांच्या पुढे आली होती, यावरून तिला कसं आणलं असेल ते सिदोजीनं ओळखलं. तिच्या मानेवर फेस होता. ती उतारावर आली, खालचा दगड तिनं पाहिला आणि थांबली. पुढचा उजवा पाय तिनं उचलला, तसाच अधांतरी धरला, पुन्हा मागे घेतला.

"चल!" सर्जेराव ओरडले. टाच मारली. घोडी हलली नाही.

मग सर्जेरावांनी एक गोष्ट केली. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. पारखी कुठेतरी असतात हे त्यांना माहीत होतं, पण नेमके कुठे ते माहीत नव्हतं, आणि ओढ्याच्या आवाजात आपण एकटेच आहोत असं माणसाला सहज वाटतं. त्यांनी चाबूक उलटा धरला. त्याच्या जाड मुठीनं शेवंतीच्या कानामागे एक घाव घातला. दुसरा घातला. तिसरा घातला. डाव्या हातानं लगाम असा हिसडला, की घोडीचं तोंड आकाशाकडे गेलं.

शेवंतीनं उडी घेतली. चारही पाय दगडावर आदळले. ती कण्हली. घोडा कण्हतो तेव्हा कसा आवाज येतो हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी सांगायला नको. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांच्यावर ते ऐकायची पाळी न येवो.

ओढ्यापलीकडे सर्जेरावांनी शेल्याच्या टोकानं तिच्या तोंडाचं रक्त पुसलं. मानेवर थोपटल्यासारखं केलं. आणि पुढे गेले.

सिदोजीचा हात काळ्या खड्यांवर गेला होता. एक खडा त्यानं उचललाही. आणि तिथेच त्याचा हात थबकला.

काळा खडा टाकला, तर तपासणी होणार. कानापासून खुरापर्यंत. राजवैद्य पाय उचलणार, नाल पाहणार, खिळा पाहणार. आणि विचारणार, हा नाल कुणाचा?

 सिदोजीनं काळा खडा खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग डोळे मिटून पांढरा खडा घेतला आणि सर्जेरावांच्या गाडग्यात टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं स्वतःला सांगितलं. डोळे मिटून नाल ठोकणाऱ्यानं त्या दिवशी न्यायही डोळे मिटूनच केला.

थोड्या वेळानं हळदीचे एक लठ्ठ व्यापारी आले. त्यांच्या घोड्याला माशी चावली, घोड्यानं मान झटकली, शेटजींचं पागोटं ओढ्यात पडलं. शेटजींनी रागानं घोड्याच्या पुठ्ठ्यावर एक छडी हाणली. सिदोजीनं क्षणाचाही विचार न करता त्यांच्या गाडग्यात काळा खडा टाकला. त्या घोड्याचे नाल दुसऱ्या नालबंदाचे होते.

खडा पडल्याचा खट् असा आवाज झाला आणि सिदोजीच्या अंगावर काटा आला. एका छडीला काळा आणि तीन घावांना पांढरा? त्यानं शेटजींच्या गाडग्याकडे पाहिलं, मग सर्जेरावांच्या. तोंडं तर फडक्यांनी बांधायची होती. त्यानं दोन्ही घट्ट बांधून टाकली.

बऱ्याच वेळानं आयाजी जासूद आला. आयाजी राज्याची पत्रं डोंगरपार नेई. माणूस उतारवयाचा आणि त्याचं तट्टू त्याच्याहून म्हातारं दिसे. दोघंही खादाड. तट्टू उतारावर थांबलं, दगड हुंगू लागलं.

"आवडला न्हाई जनू," आयाजी म्हणाला. "बरं बाबा, तुझंबी खरंच. निसरडा हाय." तो खाली उतरला, आधी स्वतः दगडावर गेला, पाय आपटून दाखवला. "हं, आता ये. हितं पाय दे. हितं." तट्टू आलं. पलीकडे जाऊन दोघांनी एकच भाकरी अर्धी अर्धी खाल्ली आणि कुठलीही घाई नसल्यासारखे पुढे चालू लागले.

सिदोजीनं पांढरा खडा टाकला. दिवसभरात तेवढा एकच खडा टाकताना त्याला बरं वाटलं.

फेरी संपली. पारखी गाडगी घेऊन घाट उतरले. खालच्या जागेचा पारखी म्हणजे वृद्ध राजवैद्यच. वाटेत तो सिदोजीला म्हणाला, "सिदोजी, उतरणीवर सर्जेरावांची घोडी मला जरा पाय आखडतेय असं वाटलं. तुझ्याकडे कशी होती?"

"बरी होती की," सिदोजी म्हणाला.

"माझे डोळे आता म्हातारे झाले," राजवैद्य म्हणाला. "तुझा कान तरणा आहे. तू म्हणतोस तर बरीच असेल."

या शब्दांनी सिदोजीला चाबकापेक्षा जास्त लागलं. एक खोटं लपवायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. पण म्हाताऱ्याचा विश्वास त्या तिन्हींपेक्षा जड होता, आणि तो डोक्यावरच्या टोपलीत बसल्यासारखा त्याला उतरणभर वाटत राहिला.

किल्ल्याखालच्या मैदानात सगळं राज्य जमलं होतं. राणी चौथऱ्यावर बसली होती. तिच्या शेजारी पागेची काठी, चांदीच्या मुठीची. ज्याच्या हाती ती काठी जाईल, त्याच्या शब्दावर सात वर्षं तीनशे घोडे उठणार, बसणार, धावणार, मार खाणार किंवा न खाणार.

गाडगी एकेक करून उघडली. शेटजींच्या गाडग्यात काळा खडा निघाला, लोक हसले. त्यांचा घोडा तपासणीसाठी बाजूला नेला, शेटजी खाली मान घालून उभे राहिले. सर्जेरावांच्या गाडग्यांत तीन पांढरे खडे. सगळ्यांत आधी तेच आले होते. सरदारांच्या माणसांनी ढोल उचलले. निकाल लागला की विजयी स्वारानं घोड्यावर बसूनच किल्ल्याच्या दगडी पायऱ्या चढायच्या, अशी पद्धत होती. पायऱ्या होत्या दोनशे.

सिदोजीनं त्या पायऱ्यांकडे पाहिलं. दोनशे दगडी पायऱ्या, वर स्वार, आणि तळाशी त्याचा खिळा. प्रत्येक पायरीला तो आणखी आत जाणार. उद्या खुरात पू होणार. परवा पाय सुजणार. चार दिवसांनी राजवैद्य म्हणणार, आता हिला उभं करण्यात अर्थ नाही. सिदोजीला हे सगळं एखाद्या वैद्यापेक्षाही नीट माहीत होतं. 

पण निकालाआधी एक रिवाज उरला होता. त्याला म्हणत मुक्याची साक्ष. विजयी घोड्याला राणीपुढे आणायचं आणि राणीनं त्याला तीनदा विचारायचं, 'तुझ्यावर वाटेत अन्याय झाला का?' घोडा काय बोलणार? म्हणून कातळओढ्याच्या पारख्यानं त्याच्या मानेवर हात ठेवून त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत तो नुसता उपचार झाला होता. पारखी 'नाही, नाही, नाही' असं घडाघडा म्हणून मोकळा होई आणि लोक ढोलांकडे पाहत.

शेवंतीला आणलं. टप, टप, टप, टुक. एवढ्या गर्दीत तो आवाज फक्त एका माणसाला ऐकू येत होता.

सिदोजी पुढे गेला. तिच्या मानेवर त्यानं हात ठेवला. मान गरम होती आणि आतून थरथरत होती. कानामागे बोटांना सूज लागली.

राणीनं विचारलं, "शेवंती, वाटेत तुझ्यावर अन्याय झाला का?"

"नाही," सिदोजी म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

राणीनं दुसऱ्यांदा विचारलं, "शेवंती, वाटेत तुझ्यावर अन्याय झाला का?"

सर्जेराव शेजारीच उभे होते. त्यांनी कंटाळून चाबूक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. एवढ्यानंच शेवंतीनं डोळे मिटून घेतले.

"ना... नाही," सिदोजी म्हणाला.

आणि मग शेवंतीनं मान वळवली. त्याच्या अंगाला येणारा कोळशाचा, तापलेल्या लोखंडाचा वास तिनं हुंगला. हा माणूस तिच्या ओळखीचा होता. शिंगरू असल्यापासूनचा. पाय दुखला, नाल सैल झाला, खडा रुतला, की याच्याकडे जायचं असतं, एवढंच तिला माहीत होतं. तिनं पुढचा उजवा पाय उचलला आणि शिकवल्याप्रमाणे अलगद त्याच्या गुडघ्यावर टेकवला.

ज्यानं खिळा रुतवला, त्याच्याच मांडीवर तिनं पाय दिला होता. बरा कर म्हणून.

राणीनं तिसऱ्यांदा विचारलं, "शेवंती, वाटेत तुझ्यावर अन्याय झाला का?"

सिदोजीनं तो पाय दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते.  ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली केल्या.

"झाला," तो म्हणाला. "दोघांनी केला, राणीसाहेब. एकानं तिला चाबकाच्या मुठीनं तीनदा मारलं, लगाम हिसडून तोंड फोडलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि पांढरा खडा टाकला. का टाकला ते ऐका. काळा टाकला असता तर तपासणी झाली असती, आणि या खुरात माझा चुकलेला खिळा सापडला असता. दुसरा तो मी."

त्यानं पागोटं काढून राणीच्या पायरीवर ठेवलं आणि कमरेची सांडशी काढली. "शिक्षा काय द्यायची ती द्या. पण आधी मला हा खिळा काढू द्या."

राणीनं होकारार्थी मान हलवली. राजवैद्यानं पाय धरला, सिदोजीनं खिळा उपसला. त्याच्या टोकाला रक्त होतं, आणि त्यामागोमाग काळसर पाण्याची धार आली. शेवंतीनं एक लांब श्वास सोडला.

आता खरी गंमत ऐका. सर्जेराव पुढे सरसावले.

"म्हणजे दोष या नालबंदाचाच!" ते म्हणाले. "घोडी अडली ती खिळ्यामुळे. मला काय स्वप्न पडलं होतं? मी पहिला आलो, काठी माझीच."

लोक कुजबुजले. काहींना ते पटलंही. राणीनं सिदोजीकडे पाहिलं. "पारखी अजून तूच आहेस. यावर बोल."

सिदोजी हळूच म्हणाला, "त्यांचं अर्धं बरोबर आहे, राणीसाहेब. घोडी अडली हा त्यांचा दोष नाही, तो माझा. त्यासाठी त्यांना कुणी बोल लावू नये. खिळा त्यांना दिसत नव्हता हेही खरं. पण घोडी अडली, म्हणजे ती त्यांना सांगत होती. आयाजीचं तट्टू त्याच जागी अडलं. त्याच्या पायात खिळा नव्हता, नुसती भीती होती. आयाजी खाली उतरला आणि त्यानं पाहिलं. यांनी मारण्याआधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं. खाली तेवढं पाहिलं नाही."

सर्जेरावांची नजर शेवंतीच्या खुराकडे गेली. आपण कुठे कुठे पाहिलं होतं, हे त्यांना आठवलं असावं.

राणी म्हणाली, "सर्जेराव, कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून जो हात उचलतो, त्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक असतं. ही काठी तुमच्या हाती देऊन तीनशे घोडे मी अशा ठिकाणी पाठवणार नाही, जिथं पाहणारं कुणी नाही."

आयाजीच्या आधी आलेल्या बाकीच्यांच्या गाडग्यांत कुठे ना कुठे काळा खडा होताच. ज्यांच्या गाडग्यांत तिन्ही खडे पांढरे होते, त्यांत आता आयाजी पहिला होता. काठी त्याला मिळाली. तो इतका गडबडला, की काठी तट्टूच्या तोंडाशी नेऊन म्हणाला, "बघ, काय दिलंय!" तट्टूनं ती खायची वस्तू आहे का ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शेटजींनी संधी साधून विचारलं, "मग माझ्या काळ्या खड्याचं काय?"

"तो काळाच राहील," राणी म्हणाली. "दुसऱ्यानं तीन मारले म्हणून तुमची एक माफ होत नाही."

सर्जेरावांना शिक्षा झाली ती अशी, की शेवंतीचा पाय बरा होईपर्यंत त्यांनी रोज स्वतः चालत, चाबकाशिवाय, तिला तळ्यावर न्यायचं. आणि सिदोजीनं ती चारही पायांवर सारखी चालेपर्यंत राज्यातल्या एकाही घोड्याला नाल ठोकायचा नाही. रोज सकाळी खूर धुवायचा, कडुलिंबाच्या पाण्यानं शेकायचा, हळद भरायची. शिवाय राणीनं सांगितलं, की यापुढे नालबंदानं पारखी बसू नये आणि पारख्यानं नाल ठोकू नये. स्वतःच्या हातचं काम जिथं तपासलं जाणार, तिथं स्वतःच न्यायाला बसणं म्हणजे कुंपणानंच शेत राखायचं आणि त्यानंच खायचं.

त्या दिवशी घरी गेल्यावर सिदोजीनं पारूला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती रागावेल.

"सकाळीच सांगायचं हुतं," ती म्हणाली. "मी काय, खाल्लं असतं तुमाला? त्या मुक्या जिवाचा दिवस तरी वाचला असता." मग तिनं भाकरी पुढे ठेवली. त्यानं ती खाल्ली.

लोक हसले का? हसले. डोळे मिटून नाल ठोकणारा, म्हणून आठ-पंधरा दिवस पोरं त्याच्या मागे डोळे मिटून चालायची. काम नव्हतं म्हणून घरात चणचणही झाली. पण ज्या भीतीनं त्याला भाकरी गोड लागत नव्हती, ती भीती कुठे दिसेना. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि माणूस जिवंत होता.

रोज सकाळी तळ्यावर ते दोघं भेटत. एक घोडीला धरून, दुसरा तिचा खूर धुवायला. पहिले दहा दिवस सर्जेराव एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा राग पुरता गेला का, ते मला ठाऊक नाही. माणसाच्या मनात खिळा किती खोल आहे हे ठोकून कळत नाही. पण अकराव्या दिवशी ते तळ्याकडे येताना वाटेत शेवंती थांबली, तेव्हा त्यांनी लगाम ओढला नाही. ते खाली वाकले. तिच्या डाव्या खुरात काटा होता. त्यांनी तो बोटांनी काढला आणि तळ्यावर आल्यावर सिदोजीच्या हातावर ठेवला.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी सिदोजी तळ्याच्या काठावर पाठमोरा बसून पाणी गरम करत होता. मागून टापा वाजल्या. तो मागे वळला नाही. श्वास रोखून ऐकत राहिला.

टप, टप, टप, टप.

त्यानं चूल विझवली. आज पाणी लागणार नव्हतं.

तेव्हापासून त्या राज्यात पारखी जागेवर बसण्याआधी सर्वांसमोर आपली एक चूक सांगतो, मगच त्याच्या हाती खडे देतात. आणि मुक्याची साक्ष आता कुणी घडाघडा देत नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, हे ध्यानात ठेवा: जो स्वतःची चूक झाकतो, त्याला दुसऱ्याचा अन्याय दिसूनही बोलता येत नाही.